आजारी शेजारी आणि तिसरा शेजारी : साथीच्या काळातील ख्रिस्ती शेजारधर्माच्या अभ्यासाची प्रस्तावना

१५२७ साली ब्रेस्लाऊ शहरातील पाळकांनी योहान हेस यांच्यामार्फत जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांना एक प्रश्न विचारला. उत्तर लवकर आले नाही, तेव्हा त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. प्राणघातक साथ आली असता ख्रिस्ती माणसाने गाव सोडून जावे का, एवढाच तो प्रश्न होता. तो भित्र्या माणसांचा प्रश्न नव्हता. पाळकावर मंडळी सोपवलेली असते आणि घरी बायकामुलेही असतात. साथीच्या दिवसांत ही दोन्ही कर्तव्ये एकाच वेळी दारात येऊन उभी राहतात, आणि कोणाला आधी 'हो' म्हणावे हे कळेनासे होते. ल्यूथर यांचे उत्तर लिहून पुरे होण्याआधीच साथ त्यांच्या स्वतःच्या विटेनबर्गमध्ये शिरली होती.

ज्या अभ्यासक्षेत्राची ओळख येथे करून द्यायची आहे, ते या प्रश्नाभोवती उभे आहे. संसर्गजन्य रोगाच्या काळात आजारी शेजाऱ्याबाबत ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य काय, याविषयी सुमारे अठरा शतके जे सांगितले गेले, लिहिले गेले आणि प्रत्यक्ष केले गेले, त्याचा हा अभ्यास आहे. त्यात धर्मशास्त्र येते, वैद्यकाचा इतिहास येतो, नगरांच्या कारभाराचा इतिहास येतो. बिशपांची पत्रे, प्रवचने, सेवासंघांचे नियम, नगरसभांची इतिवृत्ते आणि दफनांच्या नोंदवह्या ही या क्षेत्राची साधने. येथे येण्यासाठी ख्रिस्ती असण्याची गरज नाही, लॅटिन येण्याचीही नाही. आजारी माणसाच्या उशाशी कधी बसलेला किंवा बसता न आल्याची रुखरुख बाळगणारा कोणीही वाचक या विषयाच्या मध्यभागीच उभा असतो.

या क्षेत्राचा मूळ आधार पवित्र शास्त्रात आहे, आणि तिथेच त्याची अडचणही आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात चांगल्या शोमरोन्याचा दाखला येतो. लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या माणसाला पाहून याजक आणि लेवी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने निघून जातात. परका मानला गेलेला शोमरोनी मात्र थांबतो, जखमा बांधतो आणि पुढच्या खर्चाची सोय करतो. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात आजाऱ्याची भेट ही खुद्द ख्रिस्ताचीच भेट मानली आहे. येशू कुष्ठरोग्याला हात लावून बरे करतो. त्याच शास्त्रात लेवीय पुस्तकाचा तेरावा अध्यायही आहे, आणि तो त्वचेचा रोग झालेल्याला छावणीबाहेर राहायला सांगतो.

शोमरोन्याच्या दाखल्यात मदतीचा प्रश्न दोनच माणसांमधला आहे : जखमी आणि मदतनीस. जखम एकाची दुसऱ्याला होत नाही. साथीच्या रोगात मात्र नेहमी तीन माणसे असतात. एक आजारी, एक त्याची सेवा करणारा, आणि एक तिसरा, जो अजून निरोगी आहे आणि ज्याच्यापर्यंत सेवा करणाराच रोग पोचवू शकतो. तोही शेजारीच. पहिल्या शेजाऱ्यावरचे प्रेम माणसाला जवळ जायला सांगते, तिसऱ्यावरचे प्रेम दूर राहायला सांगते. या परंपरेतील उत्तम विचारवंतांनी आणि उत्तम माणसांनी या दोन्ही आज्ञा एकाच प्रेमाच्या मानल्या, आणि यांपैकी एक सुटली तिथे परंपरेचे पाऊल चुकले, असे माझे मत आहे. पुढचे सारे विवेचन या दृष्टीने वाचावे.

सर्वांत जुनी ठळक साधने तिसऱ्या शतकातील आहेत. सुमारे २५० पासून रोमन साम्राज्यात एक भयंकर साथ पसरली आणि दीड दशकाच्या आसपास ती पुन्हा पुन्हा उसळत राहिली. कार्थेजचे बिशप सिप्रियन यांनी तिचे वर्णन केले, म्हणून इतिहासात ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तो रोग नेमका कोणता, यावर एकमत नाही. सिप्रियन यांचे चरित्र लिहिणारे पाँटियस सांगतात की, बिशपांनी लोकांना एकत्र बोलावले आणि आपल्याच माणसांची सेवा करण्यात विशेष काही नाही, हे त्यांना समजावले. मग कामे वाटली गेली. ज्याच्याकडे पैसा होता त्याने पैसा दिला, ज्याच्याकडे तो नव्हता त्याने अंगमेहनत दिली. यात लक्षात घ्यायची गोष्ट म्हणजे काळ. सम्राट डेसियसने ख्रिस्ती लोकांचा छळ मांडला, त्याला फार दिवस झालेले नव्हते. ज्यांची सेवा करायची त्यांत कालचे छळ करणारेही होते. पुढे २५८ साली सिप्रियन यांचाही शिरच्छेद झाला.

त्याच सुमारास अलेक्झांड्रियाचे बिशप डायोनिशियस यांनी पुनरुत्थानाच्या सणानिमित्त लिहिलेले एक पत्र युसेबियस यांच्या इतिहासग्रंथात जपले गेले आहे. आजाऱ्यांना उचलणारे, त्यांचे डोळे मिटवणारे, त्यांना अंघोळ घालून पुरणारे आणि लवकरच त्यांच्या मागोमाग जाणारे वडील, सेवक आणि साधे विश्वासी त्यात भेटतात. अशा मरणाला डायोनिशियस हौतात्म्याच्या बरोबरीचे मानतात. त्याच पत्रात ते इतर धर्मीयांनी आजाऱ्यांना रस्त्यावर टाकून दिल्याचे लिहितात. इथे अभ्यासकाने सावध व्हावे. हे पत्र आपल्या मंडळीला धीर देण्यासाठी लिहिलेले आहे, आणि धीर देणारा माणूस दुसऱ्या बाजूचे चित्र गडद करतो. मात्र विरोधकाची साक्षही उपलब्ध आहे. पुढच्या शतकात ख्रिस्ती धर्म मागे सारून जुन्या देवतांची उपासना पुन्हा रुजवू पाहणाऱ्या सम्राट ज्यूलियनने एका पुरोहिताला लिहिलेल्या पत्रात खंत व्यक्त केली की, ख्रिस्ती लोक स्वतःच्या गरिबांबरोबर आमच्याही गरिबांना पोसतात. शत्रूने नाइलाजाने केलेली ही कबुली या क्षेत्रातील फार मोलाचा पुरावा आहे.

समाजशास्त्रज्ञ रॉडनी स्टार्क यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या 'द राइज ऑफ ख्रिश्चॅनिटी' या ग्रंथात या साधनांवरून एक धाडसी तर्क मांडला. औषध नसतानाही पाणी, अन्न, ऊब आणि स्वच्छता मिळाली तर बरेच आजारी वाचतात. म्हणून ज्या समूहात शुश्रूषा होती त्यात वाचणाऱ्यांचे प्रमाण जास्त राहिले असेल, आणि वाचलेल्या माणसांच्या मनात त्या समूहाविषयी ओढ निर्माण झाली असेल. तर्काचा वैद्यकीय भाग पटण्याजोगा आहे. आकड्यांचा भाग मात्र अंदाजांवर उभा आहे, कारण त्या काळच्या मृत्यूंची मोजदाद आपल्यापाशी नाही. नवख्या वाचकाने स्टार्क जरूर वाचावेत, आणि त्यांच्यासोबत गॅरी फर्नग्रेन यांचे आरंभीच्या ख्रिस्ती समाजातील वैद्यकावरील लेखनही वाचावे. फर्नग्रेन दाव्यांना पुराव्याच्या मर्यादेत ठेवतात.

चौथ्या शतकात ही सेवा व्यक्तींच्या हातून संस्थांच्या हाती आली. कप्पदुकियातील कैसरिया, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील कायसेरी, येथे बिशप बेसिल यांनी नगराबाहेर आजारी, वाटसरू आणि कुष्ठरोगी यांच्यासाठी मोठी वसाहत उभारली. तिला पुढे 'बासिलियास' हे नाव पडले. रोममध्ये फाबिओला या श्रीमंत स्त्रीने आजाऱ्यांसाठी रुग्णालय उघडले आणि ती स्वतः त्यांच्या जखमा धूत असे, असे जेरोम लिहितात. रुग्णालयाच्या इतिहासात या दोन नावांना पहिल्या रांगेत स्थान आहे. संस्था आल्या तसे साथीत धावून जाणे एकट्यादुकट्याच्या उत्साहावर अवलंबून राहिले नाही. बारी लावता येऊ लागली, पैसा साठवता येऊ लागला आणि आजाऱ्याला राहायला वेगळी जागा मिळाली. वेगळी जागा म्हणजे तिसऱ्या शेजाऱ्याचीही काळजी.

आता विटेनबर्गकडे परत येऊ. १५२७ च्या ऑगस्टमध्ये तिथे प्लेग आला. विद्यापीठ येना येथे हलवण्यात आले आणि सॅक्सनीचे शासक योहान यांनी ल्यूथर यांनाही जाण्यास सांगितले. ते योहान बुगेनहागेन यांच्यासोबत गावातच राहिले. पत्नी काथरीना गरोदर होती, मुलगा आजारी पडला, घराचे रुग्णालय झाले. या परिस्थितीत ब्रेस्लाऊच्या पाळकांना दिलेले उत्तर खुल्या पत्राच्या रूपाने छापले गेले. ते छोटे आहे, आणि या क्षेत्रात येणाऱ्याने सर्वांत आधी वाचावे असे आहे.

त्या पत्रात ल्यूथर सरसकट आज्ञा देत नाहीत. जीव वाचवण्याची इच्छा देवानेच दिलेली आहे, म्हणून पळून जाणे हे आपोआप पाप ठरत नाही. प्रश्न असा की तुम्ही कोणाला बांधलेले आहात? पाळक मंडळीला बांधलेला आहे, अधिकारी नगराला, आईबाप मुलांना, मालक नोकराला आणि नोकर मालकाला. ज्याच्याकडे आईबाप नसलेले मूल असेल तो त्या मुलाला बांधलेला आहे. हे बंध असणाऱ्याने आपल्या जागी योग्य माणूस ठेवल्याशिवाय जाऊ नये. जिथे सेवेला पुरेशी माणसे आहेत तिथे उरलेल्यांना जाण्याची मोकळीक आहे, आणि गेलेल्याला कोणी नावे ठेवू नयेत. चांगली रुग्णालये असती तर प्रत्येक घराला रुग्णालय व्हावे लागले नसते, असेही ते म्हणतात. मात्र रुग्णालय नसेल तिथे शेजारीच एकमेकांचे परिचारक आहेत.

पत्राचा उत्तरार्ध तिसऱ्या शेजाऱ्याबद्दल आहे. देव राखेल म्हणून औषध न घेणारा, धूर करून घर शुद्ध न करणारा, जिथे आपली गरज नाही तिथे उगाच जाणारा माणूस देवाची परीक्षा पाहतो, असे ल्यूथर ठणकावतात. आपल्याला लागण झाल्याचे लपवून लोकांत मिसळणाऱ्याला ते खुनी मानतात. दफनभूमी गावाबाहेर नेण्याचा आग्रह धरतात. जीवाणूंचे ज्ञान होण्याच्या साडेतीनशे वर्षे आधीचा हा विचार आहे. रोगाच्या कारणांबद्दलच्या त्यांच्या अनेक समजुती चुकीच्या होत्या. कर्तव्याबद्दलचे म्हणणे मात्र आजही टिकून राहते.

हा तोल सर्वत्र सांभाळला गेला नाही. जिनिव्हात १५४३ साली प्लेगच्या रुग्णालयात जायला पाळक हवा होता. पिएर ब्लांशे गेले आणि मरण पावले. त्यानंतर उरलेल्या पाळकांनी नगरसभेपुढे कबूल केले की आमच्यात तेवढे धैर्य नाही. तिथले प्रमुख धर्मसुधारक कॅल्विन यांना मंडळीच्या कामासाठी मागे ठेवण्यात आले होते. ही नोंद वाचून कोणी त्या पाळकांचा धिक्कार करू नये. कर्तव्य सांगणारे आणि कर्तव्यापुढे थरथरणारे एकच असतात, हे ती नोंद प्रामाणिकपणे दाखवते, आणि प्रामाणिक नोंदी या क्षेत्रात दुर्मीळ आहेत.

कॅथलिक परंपरेतही असाच समृद्ध आणि गुंतागुंतीचा इतिहास आहे. १५७६ च्या मिलानमधील प्लेगात गव्हर्नर शहर सोडून गेले, पण आर्चबिशप कार्लो बोर्रोमेओ राहिले. लोक घरांत कोंडलेले असताना त्यांनी चौकाचौकांत वेद्या उभारल्या, म्हणजे खिडकीत उभे राहूनच मिस्सात सहभागी होता येईल. जवळीक आणि अंतर यांचा इतका सुंदर मेळ या इतिहासात क्वचितच दिसतो. त्याच शहरात १६३० च्या जूनमध्ये, आर्चबिशप फेदेरीको बोर्रोमेओ यांच्या काळात, लोकांच्या आग्रहावरून मोठी मिरवणूक निघाली. त्यानंतर मृत्यूंची संख्या झपाट्याने वाढली. आलेस्सांद्रो मांझोनी यांच्या 'ई प्रोमेस्सी स्पोझी' या कादंबरीत हा प्रसंग सविस्तर आला आहे. चौकातली वेदी आणि गर्दीची मिरवणूक, दोन्हींमागे श्रद्धा होती. पहिलीत तिसऱ्या शेजाऱ्याची आठवण होती, दुसरीत ती हरवली. १५९१ साली रोममध्ये आजाऱ्यांची सेवा करताना मरण पावलेले तरुण जेझुइट अलॉयशियस गोन्झागा आणि जीव धोक्यात घालूनही आजाऱ्यांची सेवा करण्याचे चौथे व्रत घेणारा कामिलो दे लेल्लिस यांचा संघ हेही याच इतिहासाचे भाग आहेत.

दूर राहण्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमधील डर्बिशायरच्या ईयम या गावाचे. १६६५ च्या सप्टेंबरमध्ये तिथे प्लेग शिरला. १६६६ च्या उन्हाळ्यात पाळक विल्यम माँपेसन आणि त्यांच्याआधी पद गमावलेले प्युरिटन पाळक थॉमस स्टॅन्ली यांनी आपसांतील मतभेद बाजूला ठेवले आणि गावाने स्वतःभोवती हद्द आखून घेतली. उपासना उघड्या दरीत होऊ लागली. बाहेरच्यांनी ठरलेल्या जागी अन्न ठेवायचे, गावकऱ्यांनी नाणी व्हिनेगरमध्ये किंवा वाहत्या पाण्यात ठेवायची, असा व्यवहार चालला. सुमारे २६० माणसे दगावली, त्यांत माँपेसन यांची पत्नी कॅथरीनही होती. ही कथा नंतरच्या शतकांत पुष्कळ सजवली गेली, हे इतिहासकार पॅट्रिक वॉलिस यांनी दाखवले आहे. माँपेसन यांनी आपली मुले आधीच बाहेर पाठवली होती, हेही सांगितले पाहिजे. एवढे वजा केल्यावरही जे उरते ते थोर आहे : ज्यांना ते कधी भेटणार नव्हते अशा शेजारच्या गावांसाठी लोक आपल्या जागी थांबले.

या क्षेत्राची काळी बाजू वगळून त्याचा अभ्यास करणे म्हणजे खोटे बोलणे होईल. १३४८–४९ च्या युरोपातील प्लेगच्या महामारीत ज्यूंनी विहिरींत विष घातल्याची अफवा उठली. १४ फेब्रुवारी १३४९ रोजी स्ट्रासबुर्गमध्ये ज्यूंना जाळण्यात आले. पोप क्लेमेंट सहावे यांनी त्याआधीच आज्ञापत्रे काढून ज्यूही याच रोगाने मरत आहेत हे दाखवून दिले होते. ते ऐकले गेले नाही. १६३० च्या मिलानमध्ये प्लेग पसरवल्याच्या आरोपावरून आरोग्यखात्याचा कर्मचारी पियाझ्झा आणि न्हावी मोरा यांचा छळ करून त्यांना देहदंड दिला गेला. ज्या समाजाला शोमरोन्याचा दाखला तोंडपाठ होता, त्यानेच भीतीच्या भरात शेजाऱ्यांची यादी आखडती घेतली. साथीत सर्वांत आधी कोणाला शेजारी म्हणणे बंद होते, हा प्रश्न अभ्यासकाने प्रत्येक साधनाला विचारावा.

मराठी वाचकाला हा विषय दूरचा वाटायचे कारण नाही. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागातील रोग हा प्लेग आहे, हे ओळखणारे डॉ. अकासिओ व्हिएगस हे गोव्याच्या हडफडे गावचे ख्रिस्ती डॉक्टर होते. मुंबईत जागोजाग दिसणाऱ्या जुन्या क्रुसांपैकी काही त्याच दिवसांत, साथ टळावी म्हणून उभारलेले आहेत. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात झालेल्या जुलमाबद्दल, विशेषतः स्त्रियांना मिळालेल्या वागणुकीबद्दल, पंडिता रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' या ख्रिस्ती पत्रात उघड लिहिले. ख्रिस्ती असूनही त्यांनी ख्रिस्ती म्हणवणाऱ्या सरकारची भीड ठेवली नाही. विलगीकरण आवश्यक असले तरी ते माणसाची अब्रू राखून झाले पाहिजे, हा मुद्दा त्यांनी या परंपरेत जोडला. प्लेगच्या निर्बंधांमुळेच दुष्काळातून आणलेल्या मुलींना घेऊन त्या केडगावला गेल्या आणि तिथे मुक्ती मिशन उभे राहिले. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या. त्या ख्रिस्ती नव्हत्या. ख्रिस्ती अभ्यासकाने त्यांचे नाव आदराने घ्यावे, कारण दाखल्यातला शोमरोनीही येशूच्या श्रोत्यांच्या धर्मकक्षेबाहेरचाच होता.

२०२० मध्ये हे सारे जुने प्रश्न नव्याने उभे राहिले. जगभर देवळे, मशिदी आणि चर्चेस बंद झाली. २७ मार्चला पोप फ्रान्सिस यांनी सेंट पीटर चौकात पावसात, रिकाम्या जागेपुढे आशीर्वाद दिला. त्या वेळी तिथे १५२२ च्या प्लेगात रोमच्या रस्त्यांवरून फिरवलेला क्रूस ठेवलेला होता. १५२२ ला क्रुसाबरोबर लोक होते, २०२० ला लोक घरी होते. या वेळी तिसऱ्या शेजाऱ्याची काळजी जगाने मोठ्या प्रमाणावर घेतली. आजारी शेजाऱ्याच्या बाबतीत मात्र हिशेब अजून पुरा झालेला नाही. कितीतरी माणसे आपल्या माणसाचा हात हातात नसताना गेली. जवळ जाण्याच्या आज्ञेचे तेव्हा काय झाले, कोणत्या खबरदारीने ती पाळता आली असती, हे सांगणे हे आपल्या पिढीच्या अभ्यासकांचे काम आहे.

म्हणून या क्षेत्रात येणाऱ्यांना एक विनंती. ल्यूथर, सिप्रियन, बोर्रोमेओ यांच्यावर इंग्रजी-जर्मनमध्ये ग्रंथालये भरतील इतके लिहून झाले आहे. आपल्याकडची साधने वाट पाहत आहेत. १८४२ साली अहमदनगरहून निघालेल्या 'ज्ञानोदय' या ख्रिस्ती नियतकालिकाचे जुने अंक आहेत. १८९४ साली विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत सुरू केलेल्या रुग्णालयासारख्या संस्थांचा इतिहास आहे. वसई, मुंबई आणि गोव्यातील चर्चमधल्या दफनांच्या नोंदवह्या आहेत. त्यांत साथीच्या वर्षांत पाने कशी भरत गेली ते पाहा. कोविडच्या वॉर्डात राबलेल्या परिचारिका आणि धर्मभगिनी अजून बोलू शकतात, तोवर त्यांच्याकडून ऐकून घ्या, आणि जे ऐकाल ते तारीखवार, सुशोभित न करता लिहून ठेवा. पुढची साथ येईल तेव्हा कोणीतरी पुन्हा ब्रेस्लाऊच्या पाळकांचाच प्रश्न विचारील. त्याला मराठीत उत्तर शोधता यावे, एवढी सामग्री आपण आजच गोळा करायला लागू या.